फेस कमी आला म्हणून बाटली टाकू नका

प्रश्न : मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. संध्याकाळपर्यंत केसात तंबाखूची धूळ बसलेली असते त्यामुळं डोक्यावरनं अंघोळ करावीच लागते. आजवर अंगाच्या साबणानंच केस धुवत होते, पण पाणी बोअरचं, केस नुसते चिकट आणि राठ. आता मेडिकलमधनं शाम्पू आणलाय, त्याच्यावर डेसिल ग्लुकोसाइड लिहिलंय. दुकानदार म्हणाला नारळापासनं बनतंय, रिठ्यासारखंच. पण फेसच येईना. पैसे वाया गेले काय? आणि लहान मुलीला चालतंय काय?

उत्तर : आक्का, पैसे अजिबात वाया गेले नाहीत. तुमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतंय, साबण त्यांच्याशी मिळून पांढरट चिकट साका धरतो आणि तोच केसांवर बसतो, म्हणून कितीबी पाणी ओतलं तरी केस मोकळे वाटत नव्हते. तुमच्या शाम्पूतला मळ काढणारा घटक म्हणजे डेसिल ग्लुकोसाइड, त्याचा असा साका होत नाही. मक्याच्या स्टार्चमधली ग्लुकोज साखर आणि खोबरेल किंवा पाम कर्नल तेलापासनं काढलेलं डेसिल अल्कोहोल, हे दोन्ही कारखान्यात जोडून ते तयार करतात, त्यातला साखरेचा भाग पाण्याला धरतो आणि तेलाकडचा भाग तुमच्या केसातल्या तेल-धुळीला, मग पाण्याबरोबर सगळंच निघून जातं. फेस सल्फेटवाल्या (सल्फेट म्हणजे नेहमीच्या शाम्पूतला मळ काढणारा घटक) शाम्पूइतका दाट येत नाही, त्यात डोक्याला तेल असलं तर पहिल्यांदा आणखीनच कमी. थोडा लावून धुवा, मग परत थोडा लावा, दुसऱ्या वेळेला येतोय बघा.

दुकानदाराचं मात्र अर्धंच खरं. सोडियम लॉरिल सल्फेटसुद्धा खोबरेल तेलापासनं बनतं आणि तेच बऱ्याच जणींची कातडी कोरडी पाडतं, त्यामुळं नारळाचं आहे म्हणजे सौम्यच असं धरून चालू नका. बाटलीच्या मागं घटकांची यादी असते, जे जास्त ते आधी लिहितात. यादीत सोडियम लॉरेथ सल्फेट वर आणि ग्लुकोसाइड पार खाली असलं तर तो सल्फेटचाच शाम्पू समजा.

मुलीला चालतंय, लहान मुलांच्या बऱ्याच शाम्पूत हेच घालतात. रिठा डोळ्यात गेला की किती झोंबतो तुम्हाला माहीतच आहे, त्यापेक्षा हे बरं, तरी डोळे मिटूनच धुवा. मात्र काहींना या ग्लुकोसाइडची ॲलर्जी येते, अमेरिकेतल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या एका संघटनेनं 2017 साली मुद्दाम लक्ष वेधायला म्हणून अशा ग्लुकोसाइडांच्या गटाला त्या वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. तेव्हा आधी चार-पाच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला पाण्यात मिसळून लावून धुवा, खाज किंवा लाली आली तर बंद करा आणि डॉक्टरला बाटली नेऊन दाखवा.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचा बचत गट आहे. डेसिल ग्लुकोसाइड आणून शिकेकाईचा फेसवॉश करून विकावा म्हणतोय. नुसतं पाण्यात मिसळलं तर झालं ना?

उत्तर : नाही ताई, इथं घाई करू नका. बाजारात जे घट्टसर द्रव मिळतं त्यात साधारण निम्मं ग्लुकोसाइड आणि निम्मं पाणी असतं, म्हणजे 100 ग्रॅम फेसवॉशमध्ये 20 ग्रॅम घातलं तर खरं 10 ग्रॅमच पडतं. मुख्य म्हणजे त्याचा पीएच (पदार्थ किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) 11 च्या वर असतो आणि आपल्या कातडीचा 5 च्या आसपास. सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून थेंब थेंब घालत, पीएच पट्टीवर बघत 5 ते 5.5 वर आणावंच लागतं, लिंबू अंदाजानं पिळून हे जमत नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. शिकेकाईच्या काढ्यात बुरशी फार लवकर धरते, त्यामुळं प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घालायचा पदार्थ, नको म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि विकायचं म्हणजे 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली लायसन्स लागतं, त्याची चौकशी माल आणायच्या आधी करा.