खोटं पकडण्याचा पहिला प्रयोग करताय? आधी पर्याय तपासा

नजर चुकवणं, चुळबुळ यांच्या नादी लागू नका. मानसशास्त्रज्ञ बाँड आणि डीपॉलो यांच्या 2006 च्या आढाव्यात नुसतं बघून-ऐकून खोटं ओळखण्याची अचूकता जेमतेम 54 टक्के निघाली. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकनची, 1959 ची, दडवलेल्या माहितीची चाचणी घ्या: फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असलेला तपशील ऐकताना घाम वाढतो का, ते बघायचं. प्रत्येक प्रश्नाला सहा पर्याय, खरा एकच. पहिला पर्याय मोजायचा नाही. पहिल्या शब्दाला घाम फुटतोच. दोन पर्यायांत 20-25 सेकंद जाऊ द्या, नाहीतर त्वचावाहकतेचे (घामामुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते, त्याचे) प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. खऱ्या पर्यायाला सगळ्यात मोठा प्रतिसाद आला तर 2 गुण, दुसऱ्या क्रमांकाचा आला तर 1.

खरी गोची पर्यायांतच असते. चोरी पाकिटाची आणि बाकीचे पर्याय फ्रीज, कपाट असले, तर निर्दोष माणूसही पाकिटावरच दचकेल. यादी प्रकरण माहीत नसलेल्यांना आधी दाखवा. बहुतेकांनी खरा पर्याय ताडला तर तो प्रश्न बाद. आणि हो, पर्याय वाचून दाखवणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नको.