सीनिऑरिटी नंबर आणि तुमची दिवाळी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भारतात एअरबसवर सहा वर्षं को-पायलट, वय 32, बायको न्यू जर्सीत एडिसनला, ग्रीन कार्ड वर्षभरात हातात पडेल. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइनमध्ये ही सहा वर्षं धरतील का, आणि सुट्ट्या किती मिळतील?

अनुभव दारापर्यंत नेतो. उड्डाणाचे तास, एटीपी (एअरलाइन पायलटचं) लायसन्स, जेटचा अनुभव यावर मुलाखत मिळेल. आत गेलात की सीनिऑरिटीच्या, म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यांच्या शेवटी. शेजारी दहा वर्षं कॅप्टन म्हणून उडवलेला माणूस बसला असेल, तर तोही शेवटीच. नंबर ठरतो रुजू झाल्याच्या तारखेवरून, आणि एकाच बॅचमध्ये बऱ्याच ठिकाणी वयाने मोठा तो वर. माझ्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा चार दिवसांनी मोठा एक गृहस्थ होता. घराजवळच्या बेसची (जिथून ड्यूटी सुरू होते त्या विमानतळाची) शेवटची जागा त्याला गेली आणि मी अडीच वर्षं दुसऱ्या शहरात ये-जा केली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "डॉक्टरांनी दिलेली तारीख तूच आठवडाभर चुकवलीस, त्याला मी काय करू!"

आपल्याकडे रोस्टर बहुतांशी कंपनी बनवून हातात ठेवते. इथे दर महिन्याला तुम्ही बिड टाकता: शनिवार-रविवार सुट्टी हवी, पहाटेचं रिपोर्टिंग नको, चार दिवसांच्या ट्रिपा चालतील. कॉम्प्युटर तुमच्या बेसवरच्या, तुमच्या विमानाच्या, तुमच्याच सीटच्या (कॅप्टन किंवा को-पायलट) यादीत पहिल्यापासून वाटत खाली येतो. शेवटच्या पंगतीला श्रीखंड संपलेलं असतं, भात मात्र भरपूर. तो भात म्हणजे रिझर्व्ह. ठरलेल्या ट्रिपा नाहीत. फोन जवळ ठेवून बसायचं, आणि शॉर्ट कॉल असेल तर बोलावल्यावर दोनेक तासांत विमानतळावर हजर.

कायदा सगळ्यांना सारखा. 2014 पासूनच्या नियमांप्रमाणे ड्यूटीआधी सलग 10 तास विश्रांती, सात दिवसांत सलग 30 तास मोकळे. त्यावरचं जे काही आहे, ते नंबराने वाटलं जातं. रिझर्व्हवर महिन्याला साधारण बारा सुट्ट्या पडतात, वरच्या लोकांना चार-पाच जास्त. फरक आकड्याचा कमी आणि वारांचा जास्त. बारा सुट्ट्या मंगळवार-बुधवारच्या असतील तर मुलाची मॅच तुम्ही व्हिडिओवरच बघणार.

एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. ख्रिसमस, थँक्सगिव्हिंग, जुलै हे वरचे लोक उचलतात. दिवाळी कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्याच वर्षी मला लक्ष्मीपूजन आणि पाडवा सलग मिळाले. गणपतीचं थोडं नशीब: ऑगस्टअखेर आले तर अवघड, कारण शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी असते, सप्टेंबरच्या मध्यावर आले तर मिळतात.

आता एडिसन. बायको तिथे आहे याला मी तुमच्या सहा वर्षांपेक्षा जास्त किंमत देईन. न्यूयॉर्क-नेवार्क महाग, म्हणून तिथे राहायला फारसं कोणी तयार नसतं आणि बहुतेक कंपन्यांत तो बेस ज्युनिअर लोकांकडेच येतो. नवख्याला तिथेच पाठवतात, आणि तुमचं तर घरच तिथे! एडिसनहून नेवार्क अर्ध्या-पाऊण तासावर, म्हणजे शॉर्ट कॉल स्वतःच्या सोफ्यावर. मी तोच काळ क्रॅश पॅडवर, म्हणजे पायलटांनी मिळून भाड्याने घेतलेल्या जागेत काढला: एका खोलीत सहा बंक, पहाटे चारला कोणाचा तरी फोन वाजायचा आणि सहाही जण उठून आपापला बघायचे. शिवाय ये-जा करणाऱ्याचे सुट्टीचे दोन दिवस प्रवासातच जातात. कंपनीच्या विमानातली रिकामी सीटसुद्धा बऱ्याच ठिकाणी नंबरानेच मिळते.

कॅप्टन होण्याची घाई करू नका, हे माझं मत. मी सातव्या वर्षी झालो. को-पायलटांच्या यादीत बऱ्यापैकी वर होतो, कॅप्टनांच्या यादीत थेट तळाला. पगार वाढला आणि पुन्हा रिझर्व्ह. बायको अजून म्हणते, "तेव्हा पैसे कमी होते, पण शनिवार होते."

कंपनी बदललीत तर नंबर सोबत येत नाही, नव्या ठिकाणी पुन्हा शेवटून सुरुवात. मंदीत घरी बसवतात तेही शेवटून. 2001 नंतर काहींना परत बोलावणं यायला कित्येक वर्षं लागली. दुसऱ्या बाजूने, 65 ला निवृत्ती सक्तीची असल्यामुळे वरची माणसं सतत गळत राहतात आणि तुम्ही काही न करता वर सरकता. 33 व्या वर्षी लागलात तर 32 वर्षं हातात आहेत.

म्हणून पगाराच्या तक्त्यांची तुलना करत बसू नका. जिथे नेवार्क किंवा न्यूयॉर्कचा बेस आहे, तिथे ग्रीन कार्ड आल्या आठवड्यात अर्ज टाका. ट्रेनिंगच्या दोन तारखा समोर ठेवल्या तर आधीची घ्या, मधे पुतण्याची मुंज असली तरी.