जपानमध्ये बटाटेवड्यांसाठी कोणता बटाटा घ्यावा?

जपानी दुकानात चार प्रकारचे बटाटे दिसतात आणि लेबल वाचता येत नसेल, तर आधी आकार बघा. गोल, खडबडीत, खोल डोळ्यांचा तो दान्शाकु आणि लांबट, गुळगुळीत तो मेकुइन. एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ झालं.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तोक्योत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात वडे करायला घेतले, सोलायला सोपा दिसला म्हणून मेकुइन उचलला, उकडून कुस्करला तर सारण इतकं चिकट की हाताला सुटेना, मीठ-मिरची-आलं सगळं बरोबर पण खाताना डिंक चावल्यासारखं! बटाट्याची चूक नव्हती म्हणा, तो रश्श्याचा बटाटा आहे. शिजला तरी फोडी सहसा मोडत नाहीत म्हणून इथले लोक तो करीमध्ये, स्ट्यूत आणि निकुजागात घालतात. निकुजागा म्हणजे मांस, बटाटा, कांदा सोया सॉस आणि साखर घालून शिजवलेलं, तोक्योकडे बहुतेक पोर्क आणि ओसाकाकडे बीफ. आपल्या पातळ भाजीला मात्र मेकुइन एक नंबर.

दान्शाकु बरोबर उलटा, पिठूळ, उकडला की फुटायलाच लागतो. कोरोक्के (आपल्या पॅटिसचा ब्रेडक्रम्बवाला भाऊ) आणि पोटॅटो सॅलड याचंच करतात. दान्शाकु म्हणजे बॅरन, एक सरदारकीची पदवी. मूळची जात आयरिश कॉबलर, पण स्कॉटलंडला जहाजबांधणी शिकून आलेल्या बॅरन कावादा ऱ्योकिचीने हाकोदातेच्या गोदीचं काम बघता बघता 1908 मध्ये बियाण्याचे बटाटे बाहेरून मागवून होक्काइदोत, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, लावले आणि त्याची पदवीच बटाट्याला चिकटली.

वड्यांसाठी मी आता किताआकारी घेते. दान्शाकुपासूनच काढलेली 1987 ची जात, आतून पिवळी, जरा गोडसर, कुस्करायला एकदम मऊ, फक्त रश्श्यात टाकू नका, विरघळून जातो. नुसता वाफवून वर बटर घातलं तरी मस्त लागतो, त्याला जागाबाता म्हणतात, होक्काइदोत गेलात तर खाच.

इन्का नो मेझामे नावाचा छोटा, गर्द पिवळा बटाटाही दिसेल. चव बटाटा आणि रताळं यांच्या मधली. महाग असतो आणि पटकन कोंब येतात, त्यामुळे थोडाच आणा आणि कृपा करून गरम मसाल्यात घालू नका, पैसे वाया.

देशातले जवळपास 80 टक्के बटाटे होक्काइदोतून येतात, पण ते शरद ऋतूत निघतात. वसंतात नागासाकीकडून शिनजागा म्हणजे नवे बटाटे येतात, साल इतकी पातळ की नुसतं घासून धुतलं की झालं, आख्खेच जिरं-हिंगाच्या फोडणीत परतायचे.

काचऱ्या किंवा फ्राइज करायच्या असतील तर बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने स्टार्चची साखर होते आणि तळताना काळपट होतात. आणि फ्रोझनमध्ये सोललेले पांढरे गोळे दिसले तर बटाटे समजून आणू नका, ती सातोइमो, आपली अळकुडी. चिंचगुळात छान होते, पण वडे नाही होत.