घाटातल्या धुक्यात दिवे कसे ठेवायचे

भाऊ, पावसाळ्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट पहिल्यांदाच चढणार आहेस, म्हणून सांगतो. दिवे फक्त रात्रीसाठी नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम सांगतो की पुरेसा उजेड नसेल तर भरदुपारीही ते लावायचे. तुला रस्ता दिसतोय एवढ्यावर जाऊ नकोस. समोरून येणाऱ्या केळीच्या ट्रकला तू दिसायला हवास. पार्किंग लाइट त्याला पुरत नाही.

धुक्यात डिपरच, म्हणजे खाली पडणारा झोतच ठेव. अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा झोत मारला की उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांवर येतो.

आणि चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची सवय आपल्याकडे फार आहे, ती लावून घेऊ नकोस. तू वळतोयस की उभा आहेस, मागच्याला कळत नाही. गाडी बंद पडली तरच लाव.

निघण्याआधी मागच्या दिव्यावरचा चिखल पुसून घे.