डेडफायरमध्ये शेवटी कोणाची बाजू घ्यावी? हुआना स्वतःच आपल्या गरिबांना उपाशी ठेवतात, मग रौआताईने बेटं घेतली तर बिघडलं काय?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वाचून पुढे सरकलो होतो. 'पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर' या गेममध्ये कोणता गट निवडावा, यावर ढिगाने उत्तरं पडली आहेत (डेडफायर म्हणजे त्यातला बेटांचा समूह, हुआना तिथले मूळ रहिवासी आणि रौआताई बाहेरून आलेलं राज्य). पण दुसरा अर्धा वाचला आणि हातातलं काम सोडून बसलो. हे वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत आधी ऐकलंय आणि त्याचं उत्तर द्यायचं माझं राहून गेलंय. शेवट फोडणार आहे, त्यामुळे ज्यांचा गेम अजून चालू आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

आधी उत्तर: हुआनांची राणी ओनेकाझा. म्हणजे हुआना. राणी फार भली बाई आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही.

आता कारण. गेम ८ मे २०१८ला आला तेव्हा आम्ही हॉस्टेलला होतो आणि तो चालेल असा लॅपटॉप फक्त माझ्या रूममेटकडे होता. माऊस त्याच्या हातात, मी शेजारी. त्याला डायलॉग वाचायचा भयंकर कंटाळा. त्यामुळे वाटणी अशी झाली की लढाई त्याची आणि वाचन माझं. कोण काय म्हणालं ते मी दोन वाक्यांत सांगायचो, तो पर्याय दाबायचा. तेव्हा लोडिंगला इतका वेळ लागायचा की एका दारातून आत जाऊन बाहेर येईपर्यंत आमचा एक वाद पूर्ण व्हायचा.

हुआनांची राजधानी नेकेताका तुम्ही पाहिलीच असेल. वर सर्पेंट्स क्राउनमध्ये राणीचा महाल, मधल्या टप्प्यांवर देवळं, दुकानं, दोन परक्या कंपन्यांची ठाणी, आणि सगळ्यांत खाली गलेट. तिथे रोपारू राहतात, म्हणजे हुआनांची शेवटची जात. अन्न वरून खाली येतं, मातारू योद्ध्यांचं आणि मधल्या जातीच्या कुआरूंचं झाल्यावर जे उरेल ते यांचं. आम्ही तिथे पहिल्यांदा उतरलो तेव्हा त्याच्या आधीच ब्रास सिटाडेल, म्हणजे रौआताईचं ठाणं, बघून झालं होतं. स्वच्छ आवार, कवायती, तोफा, आणि तिथली सरळ बोलणारी प्रमुख, हाझानुई कारू. रूममेट तिथेच घसरला होता. गलेटमधली माणसं बघितल्यावर त्याने माऊस ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ. हे तुझे मूळनिवासी. वरचे खाऊन उरलेलं खालच्यांना. रौआताई आले तर निदान पोटभर जेवतील तरी."

मी म्हटलं, पुढे चल.

तो थांबला नाही. "नाही, सांग ना. तू तर रोपारूंच्या बाजूने असायला पाहिजेस."

हे 'तू तर' कुठून आलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या घरच्यांना उतरंडीत कुठली पायरी मिळाली होती ते त्याला माहीत होतं. इतर वेळी तो विषय काढत नसे, आणि ते त्याला स्वतःचा मोठेपणा वाटायचा. नेमकं त्या रात्री एका काल्पनिक बेटावरच्या काल्पनिक उपाशी माणसांसाठी त्याला माझी साक्ष हवी होती.

तेव्हा मी जे बोललो ते धड नव्हतं, कारण आवाज चढला की माझे मुद्दे आपोआप कमी होतात. त्यामुळे आता शांतपणे लिहितो.

रौआताई डेडफायरमध्ये का आलंय ते गेम लपवत नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलखाला वादळं झोडपतात, पिकाऊ जमिनीची बोंब आहे, आरमार मात्र तगडं आहे. जमीन हवी म्हणून ते आलेत. रोपारूंची भूक त्यांना नंतर सापडली आणि सापडल्यावर फार आवडली. कुठल्याही मोहिमेला सांगण्यासारखं एक कारण लागतं, ते इथे गलेटमध्ये आयतं पडलेलं होतं. रोपारूंनी कारूच्या दारात जाऊन 'आमच्यावर राज्य करा' असा अर्ज कधी दिला, ते मला दाखवा. मी वाचणारा होतो, मला तो कुठे दिसला नाही.

दुसरा युक्तिवाद रक्ताचा. रौआताई आणि हुआना दोघेही औमौआ वंशाचे, मूळ एकच, म्हणून आम्ही परके नाही, आम्ही तुमचे पुढे गेलेले भाऊ आहोत. रूममेटला हे फार पटलं होतं. मला यात भीती वाटते. परका निदान कधीतरी परत जाईल अशी आशा असते. भाऊ म्हणून घरात शिरलेला माणूस वाटणी मागतो. जाता जाता: 'ग्रीडफॉल' या दुसऱ्या गेमनेही २०१९मध्ये हेच केलं. तिथे तीर फ्रादी बेटावर वसाहतवाल्यांचा दूत म्हणून तुम्ही फिरता आणि अर्ध्यात कळतं की तुमची जन्मदात्री त्याच बेटावरची, पळवून नेलेली. अनेकांना तो धक्का भारी वाटला. मला तो पळवाटीसारखा वाटला. आता नायक बेटावर काहीही करायला मोकळा, कारण तो 'त्यांच्यातलाच' ना!

व्हेलियन ट्रेडिंग कंपनीचं प्रकरण वेगळं आहे आणि लोक दोघांना एका पारड्यात टाकतात ते चूक आहे. रॉयल डेडफायर कंपनी नावाला कंपनी, प्रत्यक्षात रौआताईचं आरमारच. व्हेलियन मात्र खरोखरचे व्यापारी. त्यांना जमिनीवर झेंडा लावायची घाई नाही, जमिनीखालचा चमकता अद्रा, म्हणजे आत्म्यांची शक्ती धरणारं खनिज, हवाय, पोको कोहारावर खोदकामाचा एवढा आटापिटा त्यासाठीच. खऱ्या इतिहासातल्या कंपन्यांत ही दोन्ही रूपं एकाच अंगात होती. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६००ची, डच १६०२ची. सनद व्यापाराची, पण पदरी फौज, किल्ले आणि तह करायचा अधिकार. १६२१मध्ये डचांनी जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती संपवली, आणि त्यांच्याही हिशोबाच्या वह्या नीटनेटक्याच होत्या. गेमने त्या एका प्राण्याचे दोन तुकडे करून दोन इमारतींत बसवले. त्यामुळे खेळणाऱ्याला वाटतं की त्यातल्या त्यात एक तरी बरा असेल.

तर आमचा गेम. रूममेट अर्थातच रौआताईकडून खेळला. रौआताईची नेमबाज माया रुआ पार्टीत, म्हणजे नायकाच्या सोबत्यांत, तिच्याशी जुळवायचा त्याचा कसून प्रयत्न चाललेला. तिच्या साइड क्वेस्टमध्ये कारूचा माणूस आत्सुरा बंद पाकिटं देतो आणि ती ठिकठिकाणी पोचवायची असतात. साधं टपालाचं काम. त्याने ते मजेत केलं, कारण वाटेत जहाजाला लुटण्यासारखं बरंच मिळत होतं. मग ती पाकिटं टपालाची नव्हती हे बाहेर येतं. त्यातल्या निरोपांनी माणसं मेलेली असतात, आणि मायाची बंदूक त्या कामाचाच भाग असते. तो सगळा संवाद मी मोठ्याने वाचला. एकही वाक्य गाळलं नाही. नेहमी दोन वाक्यांत सांगायचो, त्या दिवशी प्रत्येक ओळ, मायाने घेतलेल्या प्रत्येक विरामासकट.

तो चिडला. मायावर किंवा आत्सुरावर नाही, माझ्यावर. "तू मुद्दाम वाचतोयस."

मुद्दामच वाचत होतो. चांगल्या कारभारासाठी आलेल्या माणसांना बंद पाकिटं का लागतात, हे त्याने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नसतं.

त्याने तरीही रौआताईबरोबरच उकाइझो, म्हणजे जिथे गेम संपतो ते हरवलेलं शहर, गाठलं आणि शेवटी बेटं त्यांच्या हातात दिली. संपल्यावर म्हणाला, "आता रस्ते होतील." त्यानंतर काही दिवस आम्ही फक्त पाणी कोण भरणार एवढंच बोललो. सध्या तो बऱ्यापैकी मोठ्या पदावर आहे, आमचं बोलणं चांगलं आहे, आणि दर काही महिन्यांनी तो मला अगदी निष्पापपणे विचारतो की रोपारूंचं शेवटी काय झालं रे.

म्हणून तुमचा प्रश्न त्याचाच असल्यासारखा वाटला. नसेल तर माफ करा, असेल तर बरंच झालं.

घरातला अन्याय खरा आहे. गलेट खरंच लाजिरवाणं आहे, आणि राणीसमोर मिळेल त्या प्रत्येक संवादात तो विषय काढा असंच मी सांगेन. पण 'तुमच्यात जात आहे, तेव्हा तुमचं बंदर आमचं' हे वाक्य जात मोडण्यासाठी म्हटलेलं नसतं. रोपारूंसाठी लढणारा कोणी असेल तर तो गलेटमधूनच वर येणार, आणि वर येऊन भांडायला त्याला आपल्या भाषेत बोलणारा दरबार तरी शिल्लक हवा. ब्रास सिटाडेलच्या पायऱ्यांवर त्याला भांडायला कोण उभं करणार? मला यात मधली वाट दिसत नाही. ज्यांना दिसते ते बहुतेक वरच्या मजल्यावर राहिलेले असतात.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. व्हेलियन बाजूचा सगळ्यांत दमदार मुद्दा असा: इओथास हा देव जन्ममरणाचं चक्र मोडतो, आता आत्म्यांचं पुढे काय, तर त्यावर तोडगा काढायला आत्मविद्या लागणार आणि ती त्यांच्याकडे आहे. मुद्दा वजनदार आहे आणि मला पूर्ण खोडता आलेला नाही. फक्त जगाला वाचवणारं औषध आणि त्याची मक्तेदारी एकाच दुकानात असू नये असं वाटतं. प्रिंचिपी चाचे खेळायला धमाल, सेराफेन तर पार्टीतला माझा लाडका. पण त्यांचा एक म्होरक्या फुरांते, त्याचे हात क्रुकस्परच्या गुलामबाजारात आहेत. त्यांच्याकडून खेळायचंच तर त्यांची दुसरी म्होरकी एल्डिस, तिच्या बाजूने खेळा, आणि कोणाकडूनही खेळलात तरी क्रुकस्पर साफ करून या. हे मी मत म्हणून सांगत नाही, ते कामच आहे.

कोणत्याही गटाशिवाय एकटं उकाइझोला जाणं हा 'स्वच्छ' पर्याय म्हणून पुष्कळ जण सुचवतात. जहाज नीट मजबूत करून घेतलं तर जाता येतं. पण स्वच्छ कसला? तुम्ही, म्हणजे गेमचा नायक, कॅड नुआचे वॉचर, बाहेरून आलेले, सगळ्यांची कामं करून सगळ्यांचे पैसे घेतलेले. शेवटच्या क्षणी 'मी यात नाही' म्हणून हात झटकले की बेटांवरचं भांडण जिथे होतं तिथेच राहतं आणि ज्याच्या तोफा जास्त त्याचं फावतं. मुळात चार गटांचा निकाल एका परक्याच्या हाती द्यावा हीच या गेमची सगळ्यांत वसाहतवादी गोष्ट आहे. याच जगातल्या 'अवाउड' या गेममध्ये निदान ते उघड आहे. तिथे तुम्ही एडिर साम्राज्याचे दूत म्हणूनच उतरता, सोंग नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हुआना म्हणजे एकच एक समाज नाही. नेकेताकावर काहांगा जमातीचं राज्य आहे आणि वाहाकींसारखे लोक त्यांनाही मानत नाहीत. त्यामुळे राणीला उकाइझो देणं म्हणजे 'बेटवाल्यांना बेटं देणं' इतकं सोपं नाही, त्यातही एका जमातीचं वजन वाढतं. शिवाय गट निवडलात की सोबत्यांपैकी काही जण बिथरतात, सोडूनही जातात. मायाशी जुळवून ठेवलं असेल तर हुआनांकडून खेळताना मन घट्ट करा. आणि मी स्वतः रौआताईचा शेवट फक्त शेजारी बसून पाहिलाय, माऊस हातात नव्हता. रूममेट म्हणतो त्याने फरक पडतो. पडत असेल.

पहिला भाग खेळलाच पाहिजे का, असंही काही जण विचारतात. खेळलात तर उत्तम. नाहीतर सुरुवातीलाच तयार इतिहासांपैकी एक निवडता येतो किंवा स्वतःचा बनवता येतो, तेवढ्यावर भागतं. लढाई घाईची वाटत असेल तर २०१९पासून आळीपाळीने चाली करायची पद्धतही आहे, नवीन गेम सुरू करतानाच निवडायची. डायलॉग मात्र स्वतः वाचा.