दीड वर्षाचा मुलगा कारसीटमध्ये मागे तोंड करून बसायला तयार नाही, पाय दुमडतात, सारखा रडतो. सीट पुढच्या दिशेला वळवली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ११ किलोचा आहे, गाडी लहान आहे आणि घरातले सगळे म्हणतायत, वळवा एकदाची. माझं उत्तर: एवढ्यात वळवू नका. तो रडतोय त्याचं कारण शोधा, ते बहुतेक वेळा दुसरंच असतं.

आम्ही बडोद्याला मांजलपुरात राहतो. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे आणि अजून मागेच तोंड करून बसते. तुमच्या प्रश्नातलं एकूण एक आमच्याकडे घडलंय.

आधी पायांचं, कारण सगळ्यांची नजर तिथेच जाते. मुलगी मांडी घालते, कधी दोन्ही पाय गाडीच्या पाठीला लावून वर चढवते, कधी एक पाय कडेवरून बाहेर लोंबत ठेवते. आपल्याला बघून अवघडल्यासारखं होतं, पण ती घरी जमिनीवर बसते तेव्हाही अशीच बसते. अपघातात पायाला इजा होण्याचं प्रमाण उलट पुढे तोंड असलेल्या मुलांमध्ये जास्त असतं, कारण त्यांचे पाय फेकले जाऊन समोरच्या सीटवर आपटतात. सीट लहान झाली हे ठरतं वजनावरून आणि डोक्यावरून. बऱ्याच सीटमध्ये डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपेक्षा किमान एक इंच खाली असावा लागतो. तुमच्या सीटची नेमकी मर्यादा तिच्या पुस्तिकेत आणि बाजूच्या लेबलवर असते.

आम्हाला दुकानदाराने सांगितलं होतं, वर्ष झालं की वळवा. युरोपच्या आर १२९ नियमात १५ महिन्यांच्या आत वळवायला मनाई आहे, पण ती किमान अट आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली आपल्या आधीच्या सल्ल्यातला 'दोन वर्षांपर्यंत' हा उल्लेखही काढून टाकला आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसतंय तोवर मागेच तोंड ठेवा असं सांगितलं. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मानेच्या मणक्यांत अजून कूर्चा असते, पूर्ण हाड झालेलं नसतं. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं एकटं पुढे जातं. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी कवचात दाबली जातात, मार विभागला जातो.

सासऱ्यांना मी बर्टिल आल्डमनबद्दल सांगितलं. स्वीडनमधल्या या डॉक्टरांनी साठच्या दशकात पहिली अशी सीट तयार केली, आणि त्यांना ती कल्पना जेमिनी यानात पाठीवर झोपून उड्डाणाचा जोर झेलणाऱ्या अंतराळवीरांवरून सुचली होती. सासऱ्यांना ते लगेच पटलं. सासूबाईंचं वेगळं होतं. "अगं, पोर घामाघूम झालंय, सोड त्या पट्ट्यांतून. मी धरते की घट्ट!" त्यांनी दोन मुलं मांडीवर घेऊनच वाढवली, त्यांच्या म्हणण्यात माया होती. मी त्यांच्यासमोर हिशोब मांडला: गाडी ताशी ५० वेगात असताना अर्ध्या मीटरात थांबली, तर ११ किलोचं मूल हातातून ओढलं जातं ते दोनशे किलोंहून जास्त ओढीने. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला स्वतःच मागे तिच्या शेजारी बसल्या, आणि दांडिया बाजार येईपर्यंत तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगत राहिल्या. घरातलं मोठं माणूस असं शेजारी बसलं तर अर्धं रडणं तिथेच थांबतं, हे मनापासून सांगते.

घामाचं मात्र सासूबाईंचं बरोबर होतं. लहान गाडीत एसीची हवा पुढून येते आणि कवचामागे बसलेल्या बाळापर्यंत पोचतच नाही. मे महिन्यात मांडवीजवळ गाडी उन्हात लावली होती. परत येऊन मी तिला घाईने बसवलं आणि बकलचा धातू तिच्या मांडीला लागला. अंगठ्याएवढा लाल डाग उठला, ती किंचाळली, आणि पुढचे पंधरा दिवस सीट दिसली की रडायची. मला अजून त्याचं वाईट वाटतं. आता गाडी लावली की सीटवर पांढरा पंचा पसरते. निघताना आधी दारं उघडते, पाच मिनिटं एसी लावते, बकलला हाताची उलटी बाजू लावून बघते आणि मगच तिला उचलते. अंगात पातळ सुती झबलं. काचेला जाळीचा पडदा. जाड उशी किंवा गादी पाठीमागे घालू नका, पट्टे सैल पडतात. आणि बाळाला बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नका, "आत्ता आलो" म्हणूनही नाही.

दुसरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. सीट आम्ही तान्ह्या बाळासारखीच कललेली ठेवली होती. ती पट्टे धरून सारखी उठून बसायला बघायची, आम्हाला वाटायचं हट्ट करते. पुस्तिकेत मोठ्या मुलासाठी जास्त उभा कोन दिलेला होता. तसा केल्यावर तिला मागच्या काचेतून झाडं, रिक्षा, कमाटीबागेबाहेरचे फुगेवाले दिसायला लागले. शिवाय पुढची सीट चार बोटं मागे घेता आली, माझ्या नवऱ्याचे गुडघे सुटले. तुमची गाडी लहान आहे, तर आज संध्याकाळीच हे करून बघा.

बसवताना कमान करते तेव्हा जोर लावू नका. मी तिला स्वतः चढू देते, वरचा बकल ती लावते, "टिक्" म्हणते. वेळ लागतो. पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पीळ नसलेला, आणि खांद्याजवळ चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट.

एकदा तो "टिक्" आवाजच येईना. बघते तर बकलच्या खाचेत खाकऱ्याचा चुरा! पुस्तिकेत होतं तसं कोमट पाण्याने धुतला, तेव्हा लागला. त्यानंतर चालत्या गाडीत खाणं बंद केलं, कारण मागे तोंड असताना घास अडकला तरी चालवणाऱ्याला दिसत नाही. अहमदाबादला जाताना एक्स्प्रेसवेवर तिला उलटी झाली होती, आता निघण्यापूर्वी तासभर दूध देत नाही. पट्टे साबणात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे कधीही लावायची नाही. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेलं तर १००० रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. घरी वाद झाला तर हेही सांगा.

आधी लेबलवरचं वजन आणि उंची वाचा, मग कोन बदला, मग आठवडाभर उन्हं उतरल्यावर कॉलनीतल्या कॉलनीत दहा मिनिटांच्या फेऱ्या मारा. त्यानंतरही रडत असेल तर इथेच लिहा, सीट कोणती आणि कुठल्या बाजूला लावली आहे ते सांगा.