अलीशाने एकच जोडी कापली

पत्र, थोडक्यात: "वय 31. यवतमाळ जिल्ह्यात गाव, सहा एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. घर ख्रिस्ती. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मागल्या वर्षी उपास-प्रार्थनेत देवाने मला मेळघाटात, कोरकू आदिवासींत जायला सांगितलं. वावर विकायचं, धारणीकडे एखाद्या पाड्यात जागा घ्यायची, टिनाचं प्रार्थनाघर उभारायचं, एक जुनी बोलेरो घ्यायची, असं ठरवलं आहे. गिऱ्हाईक तयार आहे, पावसाआधी व्यवहार करू म्हणतो. पाळकसाहेब थांब म्हणतात. बायको रडते, हा वेडेपणा आहे म्हणते. पण बायबलातल्या अलीशाने देवाची हाक येताच बैल कापले, नांगर जाळला, हिशेब केला नाही. नागपूरचे मिशनरी हिस्लॉपसाहेब पुरात बुडाले, त्यांनी तरी कुठे हिशेब केला होता? सातबाऱ्यावर आईचं आणि ताईचं नाव आहे, पण ताई तीन वर्षांपासून माहेरीच आहे, तिची सही मिळून जाईल. विश्वासात कमी कोण पडतंय, मी की बायको?"

बाबू,

बायकोच्या रडण्यावर तू अर्धं पान लिहिलंस, पाळकसाहेबांच्या थंडपणावर पाऊण. ताईच्या वाट्याला एक ओळ आली, तीही शेवटी: "तिची सही मिळून जाईल." तिथेच मी थांबले.

मिळून जाईल म्हणजे कशी रे? जी बाई नवऱ्याचं घर सोडून भावाच्या दारी आली, ती भावाने पुढे केलेल्या कागदावर नाही म्हणू शकत नाही. हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर इतक्या बिनघोर लिहिलंस. बायकोचं आणि तुझं तुम्ही दोघं बघा. ती रडते, भांडते, तिचं म्हणणं तुझ्या कानावर पडतं आहे. ताईला तर तू अजून विचारलेलंही नाहीस.

आणि ती "भावाच्या घरी" राहते हेही खरं नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे एक तृतीयांश विधवेला जातं आणि उरलेलं मुलामुलींत सारखं वाटलं जातं. मुलीचं लग्न झालं की नाही, ती सासरी नांदते की माहेरी, हे कायदा विचारत नाही. तुमच्या घरात हा हिशेब लहान पोरालाही जमेल. सहा एकरांतले दोन आईचे, दोन ताईचे, दोन तुझे. तू सहा एकर देवाला द्यायला निघालास, त्यातले चार तुझे नाहीतच.

आता तुझा अलीशा. 1 राजे, 19 वा अध्याय पुन्हा काढ आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाच. बारा जोड्या नांगराला जुंपल्या होत्या आणि अलीशा बाराव्या जोडीपाशी होता. एलीया संदेष्ट्याने, माझ्यामागे ये म्हणून, त्याच्या अंगावर आपला झगा टाकला. अलीशाने आधी आईबापाचा निरोप घ्यायची मुभा मागितली. मग त्याने बैलांची एक जोडी कापली, नांगराच्या सामानावर मांस शिजवलं आणि लोकांना जेवू घातलं. जोडी एकच. बाकीच्या अकरा जोड्यांना त्याने हात लावल्याचं कुठे लिहिलेलं नाही. हिशेब केला नाही म्हणतोस? ज्या जोडीमागे तो स्वतः उभा होता तेवढीच त्याने कापली, याहून चोख हिशेब कोणता असतो?

दावीद राजाचंही तेच. वेदी बांधायला यबूसी माणूस आपलं खळं फुकट द्यायला तयार होता, वर बैलही देत होता. दावीदने पन्नास शेकेल चांदी मोजली, कारण ज्याची किंमत आपल्याला पडली नाही ते देवाला वाहायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आणि इफ्ताह आठवतो का? लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला वाहीन, ही शपथ बापाने वाहिली, ती फेडली सामोऱ्या आलेल्या पोरीने. शास्त्रात बेफिकिरी बघायची असेल तर ती तिथे बघ. येशूने कुर्बानवरून, म्हणजे देवाला वाहिलेल्या दानावरून, परूशी पंथाच्या लोकांना झाडलं तेही याचसाठी, आईबापाच्या हक्काचं "देवाला वाहिलं" म्हणून मोकळं होणाऱ्यांवर तो चिडला होता. सैतानाने त्याला, देवदूत झेलतील म्हणत, मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगितली, तेव्हा पणाला त्याचाच देह होता, तरी तो नाही म्हणाला. तू तर टोकावर ताईला उभी करतोस आणि देवदूत झेलतील म्हणतोस.

घाबरणारा अविश्वासू आणि न घाबरणारा विश्वासू, असं मोजमाप मला मान्य नाही. बेत बुडाला तर उपाशी कोण राहणार, तेवढं विचार. उत्तर "मी" असेल, तर धोका कितीही मोठा असो, मी तुला अडवणार नाही. प्रेषित पौलाचा सोबती एपफ्रदीत याने ख्रिस्ताच्या कामासाठी जीव धोक्यात घातला म्हणून पौल त्याचा मान ठेवायला सांगतो. तो जीव त्याचा स्वतःचा होता.

म्हणूनच पाळकसाहेबांचं नुसतं "थांब" मला पटत नाही. थांबून काय होणार? पाच वर्षांनी तू हाच बेत घेऊन उभा राहशील आणि ताईची सही तेव्हाही "मिळून जाईल".

बेतातच एक भोक आहे, ते सांगते. धारणीकडच्या पाड्यात जागा घ्यायची म्हणतोस. पत्रावरून तू आदिवासी दिसत नाहीस. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतच ते आहे. कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणेल. त्या कागदाला किंमत नाही, पैसा जाईल आणि ज्यांना सुवार्ता सांगायला गेलास त्यांच्यातल्याच एकाशी कोर्टात उभा राहशील. बोलेरोचं म्हणशील तर पावसाळ्यात नाला चढला की ती अलीकडच्या काठावरच राहते. एसटीने जा, खोली भाड्याने घे. टिनाच्या आधी भाषा शीक. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं मराठीशी नातं नाही आणि द्रविड कुळातल्या गोंडीशीही नाही. आपल्या मराठीवर तिथे बाजारहाट निभेल, पण कुणाच्या दुःखाशी तुला बोलता येणार नाही. हिस्लॉपचं नाव घेतलंस म्हणून सांगते: 1845 ला नागपुरात आलेला माणूस 1863 ला टाकळघाटजवळ पुरात बुडाला. मधल्या अठरा वर्षांत त्याने शाळा चालवली, गोंडांचे शब्द आणि गाणी गोळा केली. ते कागद तो गेल्यावर, 1866 ला, छापून निघाले. तुला त्यातली शेवटची रात्र तेवढी आठवते!

तर आता माझं ऐक. इसार घेतला असेल तर उद्या परत कर. नसेल घेतला तर गिऱ्हाइकाला सांग, सहा एकर विकायचे नाहीत. ताईपुढे हक्कसोडपत्र ठेवू नकोस. एकदा ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं की मागे फिरवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि तिच्याकडे त्यासाठी बसभाडंही नसेल. त्याऐवजी वाटणी कर. वारसाचा फेरफार झालाच आहे, म्हणून नावं चढली. ताजा सातबारा आणि आठ-अ काढ, तिघांच्या संमतीने तहसीलदाराकडे त्याच महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज दे, मोजणी करून धुरे घाल. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा चढलेला असेल तर त्याची वाटणीही आधीच लिहून ठेव. विहीर किंवा रस्ता एकाच तुकड्यात येत असेल तर तो आई-ताईच्या बाजूला राहू दे. तू निघून जाणार आहेस, त्यांना तिथेच दिवस काढायचे आहेत.

मग उरतात तुझे दोन एकर. ते सरळ विकू नकोस, या खरिपाला मक्त्याने दे आणि त्या पैशात धारणीत एक वर्ष राहून बघ. बायको येते का, तेही विचार, रडणाऱ्या बायका पुष्कळदा आधी बोचकं बांधतात. वर्षभराने कोरकूत दोन वाक्यं धड बोलता आली आणि तरीही जावंसं वाटलं, तर दोन एकर विक, मी "वेडेपणा" म्हणणार नाही.

आज संध्याकाळी जेवणं आटोपली की सातबारा ताईच्या हातात दे. तिचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखव, आणि विचार तिला, यंदा तिच्या दोन एकरांत काय पेरायचं आहे.